चार पानं, एक फळ

माझी बहीण साइमी माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तिने लग्न केलं नाही. गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिने छत्तीस वर्षं काढली, आणि दर ऑगस्टला शाळा उघडली की पहिलीची पोरं आठवडाभर तिच्या ताब्यात असायची. बाई वर्गात अक्षरं शिकवायच्या आणि साइमी जंगलात फळं. कोणतं खायचं, कोणतं लांबूनच बघायचं, वाट चुकली तर काय करायचं. लांडगाबेरी दिसायला अगदी ब्लूबेरीसारखी. तिच्यासाठी साइमीने एक ओळ जुळवली होती: 'चार पानांत एकच फळ, खाशील तर पोटात कळ.' चाळिशी ओलांडलेले बापे आजही दुकानात ती दिसली की ही ओळ म्हणून दाखवतात. साइमी मान हलवते आणि म्हणते, "पाठ आहे. बरं झालं. म्हणून जिवंत आहेस."

मी सतराव्या वर्षी घर सोडलं आणि पुढे बेचाळीस वर्षं ओंडक्यांचा ट्रक चालवला. मग पाठीने दगा दिला. बायकोने त्याआधीच दिला होता. दोन बॅगा घेऊन मी साइमीच्या दारात उभा राहिलो, तेव्हा तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बूट बाहेर काढ," ती म्हणाली, "सूप गरम आहे." मी किती दिवस राहणार, हे तिने तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही नाही.

घरात मला एक काम मिळालं, बेऱ्या निवडायचं. ओली फळी तिरकी धरायची आणि वरून बेऱ्या सोडायच्या. पाला फळीला चिकटतो, बेऱ्या घरंगळत खालच्या पातेल्यात जातात. जंगलात मात्र ती मला न्यायची नाही. "तू जंगल फक्त आडवं पडलेलं पाहिलंयस, ताउनो," ती म्हणायची. "उभं असलं की तुला काही कळत नाही."

खरं कारण वेगळं होतं. तिच्या जागा. दलदलीतली सोनेरी हिल्ला बेरी, जी एका देठावर एकच येते आणि जिच्यासाठी आमच्याकडे सख्खे भाऊ एकमेकांशी खोटं बोलतात, ती साइमीला दर जुलैत बादलीबादलीने मिळायची. कुठे मिळते हे तिने आईलाही सांगितलं नव्हतं. पण एकट्याने जंगलात जाताना कुठे चाललोय हे घरी सांगून जायचं, हा तिचाच पोरांना घालून दिलेला नियम. तो मोडणं तिला जमायचं नाही आणि जागा सांगणंही जमायचं नाही. म्हणून ती एक चिठ्ठी लिहायची, पाकिटात घालून पाकीट चिकटवायची आणि कॉफीच्या डब्याखाली ठेवायची. पाकिटावर लिहिलेलं असायचं, 'सहाच्या आत उघडशील तर घर सोड.' पाच वाजता ती परत यायची, पाकीट नीट चिकटलेलं आहे ना ते बोटाने तपासायची आणि चुलीत टाकायची. तीन उन्हाळे मी हा प्रकार बघितला. मला त्याचं हसू यायचं.

गेल्या ऑगस्टमध्ये, ब्लूबेरीचा भर असताना, फळीवरून एक बेरी जरा वेगळ्याच आवाजात घरंगळली. टपोरी होती. मी ती उचलली. चकचकीत काळी, आणि ब्लूबेरीच्या डोक्यावर जो चपटा गोल ठसा असतो तो तिला नव्हता. मला जंगल कळत नाही हे खरं, पण साइमीचा भाऊ असून लांडगाबेरी ओळखू येऊ नये इतकाही मी गेलेला नाही.

मी साइमीकडे बघितलं. ती चुलीपाशी पाठमोरी, पावाचं पीठ मळत होती. मी बेरी खिशात टाकली.

कुणाच्याही हातून होऊ शकतं, असं मी स्वतःला समजावलं. दोन दिवसांनी आणखी एक मिळाली. पुढच्या आठवड्यात एकाच बादलीत दोन. मग मला इतर गोष्टीही दिसायला लागल्या. ती कॉफी ओतताना कपाच्या काठाला बोट लावून ठेवायची. वर्तमानपत्र उघडायची, पण पान उलटायचीच नाही. माझ्याशी बोलताना माझ्या खांद्यापलीकडे बघायची. मला वाटायचं, माझ्यावर रागावली असेल, आणि त्यासाठी कारणंही पुष्कळ होती.

मी बोललो नाही. रोज चष्मा लावून एकेक बेरी बघत बसलो. ती म्हणायची, "काय रे, मोती निवडतोयस का?" मी म्हणायचो, "म्हातारा झालो, हात चालत नाही." असे पंधरा दिवस गेले.

मग एके दिवशी मी दात दाखवायला गेलो आणि दुपारी घरी आलो. साइमी पायरीवर बसून, आमच्याकडे बुडवतात तसे, कॉफीत चीजचे तुकडे बुडवत होती.

"आज सुट्टी तुला," ती म्हणाली. "विर्पी आली होती. पोरीसाठी बेऱ्या हव्या होत्या. डबा भरून दिला."

"निवडल्या होत्या?"

"मी तोडलेल्या बेऱ्या निवडायला कशाला लागतात? पाला असेल थोडा. काढेल ती."

विर्पी आमच्या बटाट्याच्या शेतापलीकडे राहते. मी शेतातून पळालो. पाठीने दगा दिल्यापासून मी कधी पळालो नव्हतो. पाठीतून कळ डोक्यात जात होती. मागून साइमी ओरडली, "अरे, बटाटे तुडवू नकोस!"

विर्पीची सेन्नी तीन वर्षांची. टेबलाशी बसली होती, ओठ निळे, हनुवटी निळी, हातात चमचा. मी तिच्या हातातला चमचा काढून घेतला आणि वाटी टेबलावर उपडी केली. पोरीने भोकाड पसरलं.

"ताउनो!" विर्पी मोरीतून धावत आली. "काय चाललंय? साइमी बरी आहे ना?"

मला दम लागला होता. मी दूध आणि बेऱ्यांच्या त्या रबड्यात बोटं फिरवत राहिलो. वाटीत काही नव्हतं. मग डबा ओतला. तळाशी दोन सापडल्या. मी त्या तळहातावर घेऊन तिच्यासमोर धरल्या.

विर्पीने बघितलं. तीही कधीकाळी साइमीच्या पहिलीतली. तिचे ओठ नुसते हलले, आवाज निघाला नाही, पण ती काय म्हणतेय ते मला कळलं. चार पानांत एकच फळ.

तिने आधी पोरीला मांडीवर घेतलं, मग विषबाधेच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडच्या बाईने शांतपणे सगळं विचारून घेतलं. काय, किती, कधी, वजन किती. खाल्लेली दिसत नाही, तरी संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवा, ओकारी झाली किंवा पेंगायला लागली तर लगेच निघा, असं सांगितलं. आम्ही दोघं सेन्नीसमोर जमिनीवर बसून राहिलो. ती आधी रुसली, मग माझ्या डोक्यावर एकेक ठोकळा रचायला लागली. इतकं धडधाकट पोर मी आयुष्यात बघितलं नसेल.

"किती दिवस झाले?" विर्पीने विचारलं.

"पंधरा."

"आणि तिला माहीत नाही?"

"तिला मी कसं सांगू, विर्पी? तिच्याजवळ दुसरं आहे काय?"

विर्पी जरा वेळ पोरीच्या केसांतून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "मी पहिलीत असताना एकदा जंगलात काहीतरी लाल खाल्लं. काय ते माहीत नव्हतं. भीतीने सांगितलंच नाही. तिला माझ्या तोंडाकडे बघूनच कळलं. तिने मला मांडीवर घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, चुकून खाल्लं तर लगेच सांगायचं, कुणी रागावणार नाही. मी रागावते ती लपवणाऱ्यावर." तिने माझ्याकडे बघितलं. "आता जा आणि सांग."

घरी आलो तर साइमी स्वयंपाकघरात होती. मी कपाची बशी तिच्यासमोर ठेवली. बशीत त्या दोन बेऱ्या. ती आधी बशीच्या उजवीकडे बघत राहिली, मग हात पुढे करून एक उचलली. बोटांत फिरवली. टोकावरून अंगठा फिरवला. मग दुसरी.

"कुठे सापडल्या?"

"विर्पीच्या डब्यात."

ती ताडकन उठली. खुर्ची मागे पडली. "सेन्नी?"

"खाल्ली नाही. बरी आहे. आत्ता माझ्या डोक्यावर घर बांधत होती."

साइमीने टेबलाची कड धरली. मी खुर्ची उचलून तिच्या मागे सरकवली.

"याआधी?" तिने विचारलं.

"चार."

"आणि तू गप्प बसलास?"

"हो."

"गाढवा," ती म्हणाली. "अरे गाढवा, आज पोर गेलं असतं."

"आणि तू?" मी म्हणालो. "तू का नाही सांगितलंस मला? पोरांना काय सांगत होतीस? लपवायचं नाही म्हणून ना?"

तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. "मला वाटलं, बोटांना कळेल. पासष्ट वर्षं तोडतेय. डोळे नसले तर नसले." जरा थांबून म्हणाली, "ज्याच्याकडे बघते तेच दिसत नाही, ताउनो. मधे धूर असल्यासारखं. कडेकडेचं सगळं दिसतं. तुझा चेहरा मी मे महिन्यापासून बघितलेला नाही. नुसते कान दिसतात."

"काही गमावलं नाहीस."

ती हसली. हसता हसताच तिने चेहरा ओंजळीत घेतला. आमच्या घरात एकमेकांना जवळ घ्यायची पद्धत नाही. आईबापांनी घेतलं नाही, आम्हाला कोण शिकवणार. मी उठून कॉफी ठेवली आणि येताना तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो कॉफी उकळेपर्यंत काढला नाही.

काजानी शहरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. तरुण डॉक्टर होती, स्पष्ट बोलली. गेलेलं परत येणार नाही. मधलं आणखी जाईल, पण कडा राहतील. परतताना गाडीत साइमी खिडकीकडे तोंड करून बसली. अर्ध्या तासाने म्हणाली, "कडा राहतील म्हणे. म्हणजे जेवताना ताट दिसेल, बटाटा दिसणार नाही."

घरी आल्यावर तिने सगळ्या बादल्या घासल्या, वाळवल्या आणि खोपटात नेऊन उपड्या ठेवल्या. सप्टेंबर लागला. टेकड्यांवर लाल पुओला बेरी पिकली. लोक डोक्याला फडकी बांधून जंगलात जायला लागले. साइमी खिडकीशी मोजे विणायची आणि चुकलेले टाके उसवायची. मी म्हणालो, आपण दोघं जाऊ, मी बघतो, तू तोड. ती म्हणाली, "मी काय शेळी आहे, दोरीने न्यायला?" मी एकटाच गेलो आणि अर्धी बादली घेऊन आलो. तिने एक बेरी चावली आणि थुंकली. "कच्च्या आहेत. सावलीतल्या तोडल्यास. उन्हातल्या शेजारीच होत्या ना? बेचाळीस वर्षं रस्त्याकडे बघत होतास की झोपेत चालवत होतास?" इतकं बोलली म्हणून मला बरं वाटलं. पण आली नाही.

महिनाअखेरीला पहिलं दहिवर पडलं. त्यानंतर दोन दिवसांनी मी गाडीला हिवाळ्याचे टायर बसवून घ्यायला गेलो. तिथे रांग होती. परत यायला साडेपाच वाजले. चूल गार होती. साइमीचे उंच रबरी बूट जागेवर नव्हते. कॉफीच्या डब्याखाली पाकीट होतं.

मी खुर्चीवर बसलो आणि पाकिटाकडे बघत राहिलो. सात वाजता सूर्य मावळतो. पावणेसहाला मी ते फाडलं.

जाड पेनाने लिहिलेलं होतं. अक्षरं ढोबळ, ओळी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. 'दुधाच्या जुन्या फलाटाशी गाडी लाव. विजेच्या तारांखालून उत्तरेकडे. तिसऱ्या खांबाला डावीकडे. वाकड्या पाइनपासून लाकडी फळ्या सुरू होतात. फळ्या जुन्या आहेत, मधोमध चाल. त्या संपल्या की ओरड. क्रॅनबेरीला गेलेय. सातपर्यंत सापडले नाही तर ११२. वाचलंस की विसर.' आणि खाली, वेगळ्या ओळीत, 'थर्मास आण.'

मी थर्मास भरला. घाईत असताना कॉफी गाळायला किती वेळ लागतो ते मला त्या दिवशी कळलं.

दुधाचा फलाट, म्हणजे पूर्वी डेअरीच्या गाडीसाठी दुधाचे कॅन ठेवायचा रस्त्याकडेचा ओटा, घरापासून चार किलोमीटरवर. तिथून मी जन्मभर ट्रक नेला होता, आणि त्यामागे वाट आहे हे कधी लक्षात आलं नव्हतं. तारांखालून गेलो. तिसरा खांब. वाकडा पाइन. पुढे उघडी दलदल, गंजल्यासारखी तांबूस, आणि तिच्यावर हलकं धुकं उतरायला लागलेलं. फळ्या पायाखाली दबत होत्या, दोन्हीकडून पाणी वर येत होतं. मी ओरडलो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

शिट्टी आली. तीनदा, मग शांतता. पुन्हा तीनदा.

फळ्यांपासून पन्नास पावलांवर एका उंचवट्यावर ती बसलेली होती. अंगात नारिंगी जाकीट, बुडाखाली घडी केलेलं पोतं, मांडीवर बादली, गळ्यात शिट्टी. मी काठीने एकेक पाऊल चाचपत तिच्यापर्यंत गेलो.

"किती वाजले?" तिने विचारलं.

"सव्वासहा."

तिने मनात हिशेब केला. "म्हणजे सहाच्या आत उघडलंस."

"पावणेसहाला."

"एक गोष्ट तुला जन्मात पाळता आली नाही." ती म्हणाली खरी, पण तिने माझी बाही धरली होती आणि ती सोडत नव्हती.

मी तिच्याशेजारी ओल्या शेवाळात बसलो. थर्मासचं झाकण भरून तिच्या हातात दिलं. झाकण दातांवर वाजत होतं.

"पायांना वाट पाठ आहे," ती म्हणाली. "येताना काही झालं नाही. परत निघाले आणि फळी सापडेना. समोर बघितलं की नाहीशी, बाजूला बघितलं की आहे. पाय कुठे टाकू? एकदा गुडघ्यापर्यंत गेले. मग पोरांना सांगायचे तेच केलं. हरवलात की धावायचं नाही. कोरड्या जागी बसायचं आणि शिट्टी वाजवायची. बसले." ती कॉफी प्यायली. "चार वाजल्यापासून बसलेय. भीती वाटली रे."

हे वाक्य मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही.

"मलाही वाटली," मी म्हणालो.

"तुला कशाची? तू तर गाडीत होतास."

"पाकीट फाडताना."

लांब कुठेतरी करकोचे ओरडत होते, दक्षिणेला निघालेले. मग तिने मांडीवरची बादली उचलून माझ्यापुढे धरली.

"बघ जरा," ती म्हणाली. "सगळ्या बरोबर आहेत ना?"

मी चष्मा लावला. उजेड कमी होत चालला होता, तरी मी घाई केली नाही. हात घालून तळापर्यंत बघितलं. टणक, लालभडक क्रॅनबेऱ्या, दहिवराने टोकाला किंचित मऊ झालेल्या.

"एक पान आहे."

"पानाने कुणी मरत नाही."

"मग सगळ्या बरोबर आहेत."

तिने सुस्कारा सोडला. "इथे फळ फसवत नाही," ती म्हणाली. "ना हिल्ला, ना ही. यांच्यासारखं दिसणारं वाईट असं इथे काही उगवत नाही. इथे फसवते ती जमीन."

"जमीन मी बघेन."

"तू?"

"बेचाळीस वर्षं वसंतात बर्फ वितळून मऊ पडलेल्या रस्त्यांवरून साठ टन घेऊन गेलोय, साइमी. जमीन कुठे धरते आणि कुठे सोडते, एवढं एकच मला कळतं."

तिने झाकण थर्मासला लावलं. मग उठली. मी पुढे झालो, काठी टेकवत. तिने माझ्या पाठपिशवीचा पट्टा धरला. आपण शेळी आहोत का, हे या वेळी विचारलं नाही. उलट, मी काठी जास्त वेळा टेकवतोय, असल्या चालीने नाताळपर्यंत घरी पोचू, असं तिचं म्हणणं पडलं.

घरी येऊन मी न्हाणीघराची भट्टी पेटवली. ती आत वाफेत बराच वेळ बसली. बाहेर आली तेव्हा गाल लाल झाले होते. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः विर्पीकडे जाऊन सगळं सांगितलं. काय बोलणं झालं मला माहीत नाही. येताना तिच्या हातात गरम पुल्ला, म्हणजे आमच्याकडचा गोड पाव होता आणि डोळे सुजलेले होते. तेव्हापासून ब्लूबेरीच्या झाडीत ती जात नाही. ब्लूबेरी मी आणि विर्पी तोडतो, आणि आमच्या बादल्यांना ती नावं ठेवते.

या जुलैत आम्ही दलदलीत गेलो, हिल्लासाठी. मी पुढे, ती मागे. उंचवट्यावर पोचलो की ती गुडघे टेकते आणि हात पसरते. कच्ची हिल्ला टणक असते, देठ सोडत नाही. पिकलेली नुसती शिवली की हातात येते. तिला बघावं लागत नाही. माझ्या एका बादलीला तिच्या दोन होतात. मच्छर इतके होते की बोलायला तोंड उघडायची सोय नव्हती, तरी ती बोलत होती. मी जिथे जिथे बेऱ्या सोडून पुढे गेलो, त्या मागून तिच्या बोटांना सापडत होत्या, आणि प्रत्येक वेळी ती मला सांगत होती.

दुपारी आम्ही पोतं पसरून भाकरी खाल्ली. ऊन होतं. तिने तोंड वर केलं होतं, डोळे मिटलेले.

"अजून एक जागा आहे," ती म्हणाली. "याच्या तिप्पट."

माझा घास हातात राहिला. "कुठे?"

"सांगेन."

"कधी?"

तिने माझी बादली ओढून घेतली, हात घालून किती भरलीय ते बघितलं आणि परत माझ्याकडे ढकलली.

"आधी ही भर," ती म्हणाली.